अण्णांच्या हातातली फिजेट मॅट: विकतची आणि घरी शिवलेली

अण्णांनी मॅट हातात घेतली ती आधी उलटी केली. वरचा झेब्रा, रंगीत फुलं, प्लास्टिकची बकलं, कशाकडेही त्यांनी पाहिलं नाही. मागच्या टिपेवरून अंगठा फिरवत गेले, एका कोपऱ्यात दोरा सुटलेला लागला तिथे थांबले आणि नखाने ओढू लागले. दहा मिनिटांत एक अख्खी कड उसवून झाली. मग तो दोरा बोटाला गुंडाळत मला म्हणाले, "कुणाकडनं शिवून घेतलंस गं हे? टीप ढिली हाय."

त्याच दिवशी सकाळी त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, "आपण कुणाकडच्या?"

अण्णा माझे वडील, वय 81. कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं, चाळीस वर्षं. लेंगे, तीन बटणी सदरे, मे-जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि वर्षभर तालमीतल्या पोरांचे लंगोट. साडेचार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. दिवसा एक मावशी येतात, बाकी सगळं मी बघते. फिजेट मॅट विकत घ्यावी की शिवावी, घेतली तर काय बघून घ्यावी, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही म्हणून मी लिहिते आहे.

मॅट म्हणजे मांडीवर ठेवायचा, साधारण उशीच्या अभ्र्याएवढा कापडाचा तुकडा. त्यावर बटणं, चेन, नाड्या, लेस, खिसे असं काय काय शिवलेलं असतं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या हाताला चाळा मिळावा म्हणून. परदेशात हे बरंच रुळलेलं आहे. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत लोकरीचे विणलेले मफ देतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात आत घालायचे नळीसारखे हातमोजे, आतबाहेर बटणं आणि रिबिनी लावलेले. स्वयंसेवक ते घरी बसून विणतात. सलाईनची नळी ओढणारे हात त्या मफमध्ये रमतात.

आमच्याकडे हात कशात रमत होते ते सांगते. संध्याकाळी पाच वाजले, खिडकीतलं ऊन भिंतीवर वर चढलं, की अण्णांची चुळबुळ सुरू. चादरीची कड धरायची आणि तिच्यातून एकेक दोरा काढायचा. टॉवेलच्या दशा मोकळ्या करायच्या. स्वतःच्या शर्टाचं खालचं बटण गोल गोल फिरवत राहायचं, तुटेपर्यंत. एका महिन्यात दोन अभ्रे, एक सोलापुरी चादर आणि माझ्या गाऊनची बाही उसवली. उशीतला कापूस पंख्याच्या वाऱ्याने घरभर झाला तेव्हा मी ओरडले आणि त्यांची दोन्ही मनगटं धरून ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत भीती होती. मी पुन्हा तसं केलं नाही.

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळची ही बेचैनी या आजारात पुष्कळांना होते, हात धरू नका, हाताला काम द्या. त्यांनीच समजावून सांगितलं की अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी जातो, पण हाताला लागलेली सवय वेगळ्या भागात असते आणि ती बराच काळ टिकते. सकाळी काय खाल्लं ते आठवणार नाही, पण काज कसं करायचं ते बोटांना ठाऊक असेल.

मी मग वाचत सुटले. ज्यांच्या नावावरून हा आजार ओळखला जातो त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांची पेशंट होती ऑगुस्ट डेटर. 1901 मध्ये, 51 वर्षांची असताना, तिला फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आणलं. तिच्याबद्दलचा त्यांचा लेख 1907 मध्ये छापला गेला. त्यात एक ओळ आहे की ती अंथरूण-पांघरूण ओढत फिरते, नवऱ्याला आणि मुलीला हाका मारते. सव्वाशे वर्षांपूर्वीची जर्मनीतली बाई आणि आमचे अण्णा, दोघांच्याही हातात चादरच. ते वाचल्यावर चादर उसवण्याचा माझा राग गेला. आपल्या देशात साठीपुढच्या माणसांत 88 लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे इतक्या घरांत कुणी ना कुणी चादर ओढत असणार.

आता विकतच्या मॅटबद्दल. दुकानाचं आणि कंपनीचं नाव देत नाही, कारण नंतर मी आणखी तीन-चार ठिकाणच्या मॅट बघितल्या आणि दोष थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच होते. मी ऑनलाईन मागवली, 1,399 रुपयांना. चार दिवसांत आली, पॅकिंग चांगलं होतं. रंग फोटोत होते तसेच, भडक. कापड पॉलिस्टर, वर फेल्टची चित्रं. एक झेब्रा, एक फुलपाखरू, बुटाची लेस, तीन बकलं, दोन प्लास्टिकच्या चेन, वेल्क्रोचा एक खिसा, दोऱ्यात ओवलेले मणी.

पहिली गोष्ट, ती लहान मुलांची होती. खोक्यावर तीन वर्षांपुढची मुलं आणि ज्येष्ठ नागरिक अशी दोन्ही चित्रं होती. हे वाचून मला वाईट वाटलं, पण म्हटलं असू दे, हातांना काय कळतंय. हातांना कळत होतं. चाळीस वर्षं माप घेतलेल्या माणसाला झेब्र्याचं शेपूट ओढण्यात काहीही रस नव्हता. त्यांनी ते एकदा ओढलं आणि सोडून दिलं.

वेल्क्रोचा तर उलटाच परिणाम झाला. तो खर्रकन आवाज आला की अण्णा दचकायचे. कापड फाटल्याचा आवाज आहे तो. शिंप्याला याहून वाईट आवाज दुसरा नाही. तिसऱ्यांदा दचकले तेव्हा त्यांनी मॅट दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि मावशींना म्हणाले, "गिऱ्हाईकाचं कापड गेलं." रात्री जेवले नाहीत.

खालची बाजू गुळगुळीत असल्यामुळे मॅट मांडीवर थांबत नव्हती. लुंगीवरून सरकायची, ते वाकून उचलायला जायचे आणि आम्ही पडतील म्हणून धावायचो. चेनीचे रनर इतके बारीक की त्यांच्या बोटांना धरताच येत नव्हते. निळ्या कापडावर निळं बकल असल्यामुळे ते त्यांना बहुधा दिसतच नसावं. या आजारात डोळे ठीक असले तरी रंगातला उठाव कमी कळतो. उलट छापील फुलं त्यांना खरी वाटायची, ती चिमटीत धरून खुडायला बघायचे आणि येत नाहीत म्हणून चिडायचे.

आणि पाचव्या दिवशी ते झालं ज्याच्यासाठी मी हा सगळा लेख लिहिते आहे. दुपारी चहा देताना मावशींच्या लक्षात आलं की अण्णांच्या गालात काहीतरी आहे. बोट घालून काढलं तर फुलपाखराचा डोळा, काळं प्लास्टिकचं बटण, शेंगदाण्याएवढं. ते शिवलेलं नव्हतंच, डिंकाने चिकटवलं होतं. घशात गेलं असतं तर आमच्या घरात कुणाला काही कळलं नसतं. मी कंपनीला फोटो पाठवला. आठ दिवसांनी पैसे परत आले, पण ते विकणं थांबवलं का, यावर उत्तर आलं नाही.

मॅट शिवायची कल्पना माझी नव्हती, अण्णांची होती असंच म्हणायला हवं. त्या उसवलेल्या मॅटचा ढीग मी उचलत होते आणि ते हात पुढे करून म्हणाले, "काम आण की." मला वाटलं उगाच काहीतरी बोलतायत. पुन्हा म्हणाले, "बसून किती वेळ ऱ्हायचं, काम आण."

त्यांना खेळणं नको होतं, काम हवं होतं. हे एकदा कळल्यावर मॅटवर काय असावं याचा विचारच करावा लागला नाही. त्यांच्या दुकानात जे होतं ते.

माझी शिलाई त्यांच्याच हाताखालची. शाळा सुटल्यावर दुकानात बसून काजं करायची, एका काजाला दहा पैसे. वाकडं झालं की ते न बोलता उसवून परत देत. माझ्याकडे त्यांचीच उषाची पायमशीन आहे. सोळा नंबरची सुई लावली आणि दोन संध्याकाळी, मिळून सात-आठ तासांत, पहिली मॅट झाली.

वरचं कापड घेतलं खाकी, गणवेशाच्या चड्डीचं, दुकान बंद केलं तेव्हाचं उरलेलं. साधं, बिनछापाचं, त्यावर जे लावू ते उठून दिसतं. आकार 22 इंच रुंद, 16 इंच खोल, कारण खुर्चीत बसल्यावर त्यांच्या दोन्ही कोपरांच्या आत तेवढीच जागा भरते. खालच्या बाजूला त्यांनीच उसवलेली ती सोलापुरी चादर लावली. जाड, खरखरीत, लुंगीवर जरासुद्धा सरकत नाही. मध्ये जुन्या टॉवेलचे दोन थर. मांडीवर त्याचं वजन जाणवतं आणि ते वजन त्यांना आवडतं, हे मला नंतर कळलं. गुडघ्यावर हात ठेवल्यासारखं असावं.

वर काय काय आहे ते सांगते, पण सगळ्याला सारखी जागा देणार नाही, कारण अण्णांनीही दिली नाही.

नेफा आणि नाडी लावली होती, त्याकडे त्यांनी फारसं बघितलं नाही. टिच बटणं दोन दिवस चालली. कॉलर मात्र लागू पडली. बक्रम (कॉलर ताठ ठेवणारं आतलं कडक कापड) घातलेली पांढऱ्या शर्टाची कॉलर, उभी शिवलेली. तिचं टोक ते अंगठा आणि तर्जनीत धरून दाबत राहतात, वळवतात, पुन्हा सरळ करतात. कॉलरचं टोक सुईने बाहेर काढून धारदार करणं हे त्यांचं खास काम होतं.

मापाची टेप. नव्या टेपचा अठरा इंचाचा तुकडा एका टोकाला मशीनने पक्का शिवला आणि बाकीचा एका खिशात सरकवून ठेवला. बाहेर राहतो तो आठ इंचांहून जास्त नाही, कारण कुठलीही लांब पट्टी गळ्याभोवती जाऊ शकते. पहिल्या दिवशी त्यांनी ती टेप हातात घेतली, अंगठ्याच्या नखाने एका आकड्यावर धरली आणि म्हणाले, "साडेचौदा." कुणाची कॉलर ते माहीत नाही. मी म्हटलं, "लिहून घेतलं, अण्णा." ते म्हणाले, "पुढं." मी मावशींच्या हिशेबाच्या वहीत खरोखरच लिहून घेतलं आणि पुढं विचारलं. वीस मिनिटं आम्ही कुणाचं तरी माप घेत होतो. छाती अडतीस, बाही साडेतेवीस. एकही माप अशक्य नव्हतं.

चेन धातूची, पाच नंबरची, नऊ इंच. रनरच्या कडीत खाकी कापडाची दोन इंचाची पट्टी अडकवून शिवली, म्हणजे मूठ करूनही ओढता येते. दोन्ही टोकं जाड टाक्यांनी बंद. चेन उघडली की आत आईच्या इरकलीचा टोपपदर दिसतो. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तिचं ते लुगडं मी कापलं तेव्हा हात थरथरला होता, माझ्या बहिणीला तर फोनवर सांगितलंच नाही. अण्णा चेन उघडतात, लाल पदरावरून दोन बोटं फिरवतात, चेन लावतात. आईचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पण चेन ते अर्धी कधीच सोडत नाहीत, दर वेळी शेवटपर्यंत लावतात.

बटणपट्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, त्या गालातल्या बटणामुळे. कोटाची 40 लाईनची बटणं घेतली, म्हणजे अडीच सेंटिमीटरची, चार भोकांची, खाकीवर पांढरी. दोरा दुहेरी, मेणबत्तीवरून ओढलेला. कापडाच्या मागे कॅनव्हासचा तुकडा आणि त्याच्याही मागे 18 लाईनचं छोटं बटण, म्हणजे ओढ कापडावर येत नाही, दोन बटणं एकमेकांना धरून राहतात. वरच्या बटणाखाली काडेपेटीची काडी ठेवून टाके घातले, मग काडी काढली आणि त्या ढिलाईवर दोऱ्याचे सात वेढे दिले. अण्णा याला बटणाची मान म्हणायचे. मान असली की बटण बोटात येतं आणि जाड काजातून सहज जातं. शेवटी गाठ मारून दोरा पुन्हा कापडाच्या थरांतून दोन इंच लांब नेऊन कापला, टोक कुठेच राहिलं नाही. मग दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली सुतळीने एकेका बटणाला टांगून पाच मिनिटं ठेवली. एकही हललं नाही. कुणाला मॅट शिवायची असेल तर एवढं कराच. आणि मागचं छोटं बटण चादरीच्या अस्तराच्या आत बंद झालं पाहिजे, हातात यायला नको.

या सगळ्यांहून चालली ती उसवायची पट्टी. त्यांना उसवायचंच आहे ना, मग उसवायला देऊ या, एवढाच विचार होता. मॅटच्या उजव्या बाजूला पांढऱ्या मांजरपाटाची तीन इंच रुंद पट्टी लावली आणि तिच्यावर लाल जाड सुती दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके घातले, सहा ओळी. प्रत्येक ओळ वेगळी, दोरा नऊ इंचांहून मोठा नाही, गाठ एकाच टोकाला. अण्णा संध्याकाळी सुरुवात करतात ती खालच्या ओळीपासून. नखाने टाका उचलतात, दोरा ओढतात, बोटाला गुंडाळतात, सोडवतात, मॅटच्या खिशात ठेवतात. मग दुसरी ओळ. दोरे खिशात ठेवायला मी सांगितलेलं नाही. दुकानात कच्च्या शिलाईचा दोरा ते फेकत नसत, पुन्हा वापरायचे. रात्री ते झोपले की मी ते सहा दोरे काढून पुन्हा टाके घालते, दहा मिनिटांचं काम. ती दहा मिनिटं मला दिवसात सगळ्यात शांत वाटतात.

बोटाला दोरा घट्ट गुंडाळला जातो की काय, यावर मात्र लक्ष ठेवावं लागतं. मॅट देऊन आपण दुसऱ्या खोलीत जायचं, असं करता येत नाही. विकतची असो, घरची असो, कुणीतरी जवळ बसलेलं हवं.

खर्च सांगते. चेन, बटणं, टेप, बक्रम, कॅनव्हास, दोरा, नाडी, सगळं शिंप्याच्या सामानाच्या दुकानातून आणलं, 185 रुपये झाले. कापड घरातलं. ज्यांना शिवता येत नाही त्यांनी कागदावर चित्र काढून गल्लीतल्या शिंप्याकडे जावं. माझ्या शेजारणीला तिच्या शिंप्याने अशाच मॅटची 350 रुपये शिलाई सांगितली आणि दोन दिवसांत दिली. शिंप्याला फक्त एवढं बजावायचं की डिंक कुठेही नको आणि बटणं मशीनवर नकोत, हातानेच लावा.

उपयोग किती झाला, हे खरं खरं सांगायला हवं. मॅट औषध नाही. अण्णा अजूनही सहा वाजता "घरी जायचंय" म्हणतात, घरात बसून. रात्रीचं उठणं कमी झालं नाही. पण पाच ते सात या वेळात पूर्वी जे अखंड चालायचं, उठणं, दाराची कडी हलवणं, चादर ओढणं, त्यातली वीस-पंचवीस मिनिटं शांत जातात. चांगल्या दिवशी चाळीस. वाईट दिवशी ते मॅट सरळ जमिनीवर टाकतात. तेव्हा मी उचलून ठेवते, पुन्हा हातात कोंबत नाही. चादरी मात्र गेल्या सात महिन्यांत एकही उसवली नाही. डॉक्टरांकडे गेलो की मॅट पिशवीत असते, आणि रक्त काढताना डाव्या हातात कॉलर धरून बसतात.

अण्णांचा आजार पुढे सरकतो आहे, त्यामुळे मॅटही तशीच ठेवता आली नाही. दिवाळीपर्यंत सहाही बटणं काजातून जायची. जानेवारीत चार, मग दोन, मग ते बटण धरून नुसते बसायला लागले आणि जमत नाही म्हणून ओठ थरथरायचे. त्या रात्री मी काजं उसवली आणि त्या जागी मोठे लूप लावले, ज्यात बटण नुसतं ढकललं तरी जातं. अलीकडे तेही नको वाटतं त्यांना, तर बटणपट्टी पूर्ण काढून तिथे मखमल, कॉर्डरॉय आणि काठाची जर अशा तीन पट्ट्या लावल्या, नुसता हात फिरवायला. हे सगळं करता आलं कारण कडेला एक इंच मार्जिन सोडलं होतं. गणवेश शिवताना अण्णा असंच सोडायचे. पोर वाढतं, पुढच्या जूनमध्ये आई येऊन म्हणते जरा सैल करून द्या.

धुण्याबद्दल. गार पाणी, हाताने, पिळायचं नाही. कोल्हापूरच्या पावसात जाड थरांची मॅट तीन दिवस सुकत नाही आणि ओल्या कापडाचा वास आला की अण्णा हात लावत नाहीत. म्हणून दुसरी शिवली, हुबेहूब. एक वाळत, एक मांडीवर. ही मॅट एकाच माणसाची. दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका, तोंडाला लागलेली असते.

शेजारणीची गोष्ट राहिली. तिच्या सासूबाई 78 वर्षांच्या, त्यांना बटण-टेपेचं काय. त्यांच्यासाठी आम्ही दोघींनी बसून विचार केला, त्या दिवसभर काय करायच्या. वाती वळायच्या, मेथी निवडायच्या, पोलक्याला हूक लावायच्या. मग खणाच्या कापडावर एक पोलक्याची हूकपट्टी, काचेच्या नाही तर धातूच्या दोन बांगड्या कापडी पट्टीत पक्क्या अडकवलेल्या, आणि हिरव्या सुती चिंध्यांच्या जुड्या, ज्यांची पानं ओढून वेगळी करता येतात पण सुटून हातात येत नाहीत. कापूस ठेवला नाही, तोंडात जातो. त्या बांगड्या एकमेकींवर आपटतात त्या आवाजाने सासूबाई हसतात, असं तिने कालच सांगितलं.

कुणाकडे वेळच नसेल आणि विकतच घ्यायची असेल तर मिळाल्याबरोबर, रुग्णाच्या हातात द्यायच्या आधी, प्रत्येक बटण, मणी, डोळा जोर लावून ओढा. जे निघतं ते आपल्याकडेच निघू द्या. चिकटवलेलं सगळं काढून टाका. आवाज करणारी किंवा दिवा लागणारी असेल तर घेऊच नका, त्यात नाण्याएवढा बटणसेल असतो आणि तो गिळला तर अन्ननलिका भाजते. लोहचुंबक नको. नाडी, लेस वीतभराहून लांब नको. मॅटच्या कोपऱ्यांना बंद असतील तर ते खुर्चीच्या हाताला बांधा, माणसाला नाही. आणि चित्रं बघा. बाळाच्या दुपट्यावर शोभतील अशी असतील तर ती मॅट तुमच्या वडिलांची नाही.

माझ्याकडून विकतच्या मॅटला पाचपैकी एक, तोही पैसे परत मिळाले म्हणून. घरच्या मॅटला गुण देण्याचा हक्क अण्णांचा. तिसरी मॅट शिवायला घेतली आहे, पावसाळ्याआधी व्हायला हवी. काल मी मशीनवर बसले होते, अण्णा शेजारी खुर्चीत, मांडीवर जुनी. मी कड दुमडून टीप मारली आणि दोरा कापला, तर त्यांनी हात पुढे केला. मी कापड दिलं. त्यांनी उलटं केलं, टिपेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि काही न उसवता मला परत दिलं.

"गिऱ्हाईक कधी येणार?"

मी म्हटलं, "सोमवारी, अण्णा."

"मग काजं करून ठेव," ते म्हणाले.